शिधा कोणाच्या वाट्याचा?

गेल्या अंकात मी या सदरात वाचकांनाच एक प्रश्न विचारला होता: देवानं तुम्हाला दिलेलं कृपादान, म्हणजे अंगचा गुण, सध्या कोणाच्या कारणी लागतं आहे? 'कारणी लावा' हे शब्द माझे नाहीत, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले आहेत. उत्तरं येतील असं वाटलं होतं, पण आले ते बहुतेक प्रश्नच. काही पोस्टानं आले, काही व्हॉट्सॲपवर, आणि एका आजोबांनी तर नातवाच्या वहीची चार पानं भरून पाठवली. त्यातली पाच पत्रं इथं घेते आहे. नावं गाळली आहेत. माझं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. वाचलेलं वचन आणि पाहिलेली माणसं, एवढ्यावरूनच मी लिहिते.

सिस्टरबाईंना सलाम. माझं वय ४३, शिक्षण नववी. मिस्टर साखर कारखान्यात हंगामी कामाला आहेत. तुमचा प्रश्न वाचून मला रडू आलं, कारण माझ्याकडं काहीच दान नाही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक ताई गातात, एक अशी प्रार्थना करतात की ऐकतच राहावं. पाळकीणबाई वचन सांगतात. मला चार लोकांत उभं केलं की घसा कोरडा पडतो. शिबिर असलं की मी आपली चुलीपाशी. दीडशे माणसांचं पिठलं करते, भांडी घासते. शेजारच्या सुनेला तिचा नवरा पिऊन मारतो. ती रात्री-अपरात्री आमच्या ओट्यावर येऊन बसते. तिला धीराचं चांगलं काही बोलतासुद्धा येत नाही मला. चहा करून देते आणि शेजारी बसून राहते. एक हजारवाल्या दासासारखं मलाही बाहेरच्या अंधारात टाकतील का? (एक भगिनी, ता. श्रीरामपूर)

ताई, तुम्हालाही सलाम. तुमचं पत्र मी रात्री वाचलं आणि सकाळी उठून पुन्हा वाचलं.

आधी त्या हजार रुपयांचं बोलू. परगावी जाणारा धनी तीन दासांकडं आपले पैसे सोपवतो. दोघं ते वाढवतात, तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायातला दृष्टान्त आपल्या नेहमीच्या मराठी बायबलात पाच हजार, दोन हजार, एक हजार असा येतो. हजार रुपये म्हटलं की आज गॅसची टाकी डोळ्यांपुढं येते, आणि वाटतं, बिचाऱ्याला मिळालंच किती. मूळ शब्द 'तलांत' आहे. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मत्तयाच्याच २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक मजुरांशी तोच रोज ठरवतो. तुमच्याकडं शेतातला रोज पाचशे धरा, म्हणजे तीस लाख रुपये झाले. वीस वर्षांची मजुरी एकदम हातावर. धन्यानं ज्याला सगळ्यांत कमी दिलं, त्याला एवढं दिलं होतं. आणि पाच तलांतवाल्याला व दोन तलांतवाल्याला मिळालेली शाबासकी शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोघांना अगदी तेच शब्द मिळाले आहेत. पाचवाल्याच्या वाट्याला एक शब्दही जास्त आलेला नाही.

त्या तिसऱ्या दासाला शिक्षा झाली ती कमी मिळालं म्हणून नव्हे. त्यानं खड्डा खणला. "मी भ्यालो" असं तो स्वतःच सांगतो. तुम्ही तर खड्डा खणलेलाच नाही. मिळालेलं रोजच्या रोज वाटत आला आहात, म्हणूनच ते तुम्हाला घरात कुठं साठलेलं दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट, कारण पुढच्या सगळ्या पत्रांना ती लागणार आहे. पेत्राच्या त्याच वचनातला 'कारभारी' हा शब्द आपल्या घरातला आहे. गावाकडं बायको नवऱ्याला कारभारी म्हणते, आणि पेशव्यांच्या काळात दौलतीचा कारभार बघणारा तो कारभारी. किल्ल्या त्याच्या कमरेला, दौलत मात्र धन्याची. लूकच्या १२व्या अध्यायात येशू विश्वासू कारभाऱ्याचं काम एका ओळीत सांगतो: धन्याच्या घरच्या माणसांना योग्य वेळी त्यांचा शिधा देणं. बस, एवढंच. म्हणून 'माझ्याकडं कोणतं दान आहे?' हा प्रश्न मला स्वतःला फारसा उपयोगी पडलेला नाही. तो विचारत बसलं की माणूस आरशापुढून हलत नाही. मी विचारते ते असं: माझ्या कोठीत कोणाच्या वाट्याचा शिधा पडून आहे, आणि तो त्याच्यापर्यंत वेळेवर गेला का?

आमच्या स्त्री-वॉर्डात एक आया होत्या. मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि पुढची ३६ वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात काढली. त्यातली पहिली नऊ वर्षं या बाई माझ्या बरोबर होत्या. पगाराच्या रजिस्टरवर अंगठा द्यायच्या. डिसेंबरात पहाटे पाचला पेशंटचं अंग पुसायची वेळ असायची. नगरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. या बाई आधी आपलेच दोन्ही हात कोपरापर्यंत गरम पाण्याच्या बादलीत धरायच्या. मग पंच्याला पुसून स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. गालाला गार लागले तर पुन्हा बादलीत. मगच पेशंटच्या पाठीला हात. आम्हा शिकलेल्या सिस्टरांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पुस्तकातही नव्हतं. बाळंतपणात मूल दगावलेल्या बाईला आम्ही डॉक्टरांनी लिहिलेली गोळी द्यायचो, पण तिचा डोळा लागायचा तो या आयाबाई तिच्या पायाशी येऊन बसल्यावर. त्याही काही बोलायच्या नाहीत, ताई. तुमच्यासारख्याच.

प्रेषितांच्या कृत्यांच्या ९व्या अध्यायात यापोची टबीथा मरते तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिनं शिवलेले अंगरखे. या बाईच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा बायबलात नाही. आणि आपल्या केडगावचंच बघा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं, हे आपण अभिमानानं सांगतो. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली. ते रमाबाईंनी केडगावात उभारलेल्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं. शिशाचा एकेक खिळा उचलून, उलटी अक्षरं वाचत, ओळ जुळवणाऱ्या होत्या मुक्तीत आसरा मिळालेल्या बायका. त्यांची नावं आपल्याला येत नाहीत. पण रमाबाईंची विद्वत्ता कागदावर उतरली ती त्यांच्या बोटांनी.

आता त्या शेजारच्या सुनेचं. ती गाणाऱ्या ताईंकडं गेली नाही, पाळकीणबाईंकडं गेली नाही. मध्यरात्री तिला तुमचा ओटा आठवतो. तिच्या वाट्याचा शिधा तुमच्या हाती आहे आणि तो तुम्ही देता आहात. त्यात एक भर घाला. चहाच्या कपाबरोबर तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगा, आणि पाठ आहे ना, हे तिच्याकडून म्हणवून घ्या. मार खाणं हा तिचा क्रूस नाही, हेही एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. एरवी तिला विचारल्याशिवाय परस्पर काही करू नका. पण जिवावर बेतलं तर विचारत बसू नका, ११२ लावा. हे बोलताना तुमचा घसा कोरडा पडणार नाही, कारण समोर चार लोक नसतील, ती एकटीच असेल.

आदरणीय सिस्टर, सलाम. मी २६ वर्षांचा आहे, ता. नेवासा. तबला-ढोलकी वाजवतो. लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर सुपाऱ्या घेतो, त्यावर घर चालतं. रविवारी उपासनेत वाजवतो, त्याचा एक पैसा कधी घेतला नाही. पुडी (तबल्याचं कातडं) फाटली तरी पदरचे पैसे घालून बदलतो. तरी आमच्या मंडळीच्या एका वडिलांनी (वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी) सभेत सगळ्यांदेखत म्हटलं, "देवानं दिलेलं दान हा बाजारात विकतो." फार लागलं. उपासना सुटली की लहान पोरं तबल्याला झोंबतात, शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) नखं मारतात, त्यांच्यावरही हल्ली मी फार ओरडतो. लग्नात वाजवणं सोडून द्यावं का?

नाही, बाळा. सोडू नकोस.

करिंथात पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहिला तो तिघांचा धंदा एकच होता म्हणून. तंबू करण्याचा. त्या तंबूंचे तो पैसे घेत होता. त्याच हातांनी त्यानं मंडळ्यांना पत्रं लिहिली. आणि निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देव ज्याचं नाव घेऊन म्हणतो की मी याला माझ्या आत्म्यानं भरलं आहे, तो बसालेल याजक नव्हता की संदेष्टा नव्हता. तो सोन्या-चांदीचं, दगडाचं आणि लाकडाचं काम करणारा कारागीर होता. हातातली कला ही देवाघरची आहे हे तुझ्या मंडळीतल्या त्या वडिलांना मान्य आहे, हे चांगलंच आहे. पण मग त्या कलेवर तुझी आई दोन घास खाते हेही देवाघरचंच मानायला हवं. कोणत्या वरातीत जायचं आणि कोणत्या नाही, एवढं मात्र तू ठरव. जिथं वाजवून घरी आल्यावर आईला सांगायला जीभ अडखळते, ती सुपारी घेऊ नको.

मंडळीच्या पंचांनाही मी इथूनच सांगते, आणि हे पान त्यांना खुशाल दाखव. आपल्या उपासनेत तबला, टाळ आणि पेटी बसली ती नारायण वामन टिळकांसारख्या माणसांनी अभंग, भजन, कीर्तन मंडळीत रुजवलं म्हणून. त्या तबल्याची पुडी एका गरीब पोरानं स्वतःच्या खिशातून बदलायची आणि वर सभेत बोलणीही खायची, हे मला पटत नाही. माईक बिघडला तर मंडळी खर्च करते ना? मग वाद्यांच्या दुरुस्तीचंही खातं काढा.

पण तुझ्या पत्रातली माझी खरी काळजी वेगळ्याच ओळीवर आहे. ती पोरं. बसालेलाची गोष्ट ३५व्या अध्यायात पुढं चालू होते आणि तिथं एक गोष्ट जास्तीची सांगितली आहे: दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही देवानंच त्याच्या मनात घातली. तुला लागलेलं आहे, कळतं मला, आणि तो राग त्या पोरांवर निघतो. त्यांचा त्यात काय दोष? शाईवर नख मारणारं पोर तबला खराब करायला आलेलं नसतं. त्याला त्यातून आवाज काढायचा असतो आणि कसा काढायचा ते ठाऊक नसतं. आधी त्यांना तबल्याला हातच लावू देऊ नको. समोर बसव, हातानं टाळी द्यायला लाव आणि भजनी ठेका तोंडानं म्हणून घे. महिनाभर तेवढंच. जो कंटाळणार नाही त्याला दुसऱ्या महिन्यात डग्ग्यावर बसव.

सिस्टर, मी प्राथमिक शिक्षक आहे, वय ३८. संडे स्कूल, तरुण संघ, गायनवृंद, चर्चच्या किल्ल्या आणि सणांची सजावट, सगळं माझ्याकडं आहे. घरी यायला रोज नऊ वाजतात. मुलगी दहावीला आहे. बायको म्हणते, तुम्ही घरात पाहुण्यासारखे येता. प्रभूच्या कामात मागं कसं हटायचं?

सर, निर्गमाचा १८वा अध्याय वाचा आणि त्यातल्या सासऱ्याच्या जागी तुमच्या पत्नीला बसवा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करतो आहे, आणि इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो की हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. मोशेनं ऐकलं. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमली.

तुमच्या पाच कामांपैकी तीन याच महिन्यात सोडा. किल्ल्या तर उद्याच द्या, किल्ली फिरवायला कृपादान लागत नाही. मला असंही वाटतं की तुमच्या एकट्याच्या हाती पाच कामं आहेत म्हणून तुमच्या मंडळीतल्या चार जणांना अजून एकही काम मिळालेलं नाही. त्यांचाही वाटा तुम्ही अडवून धरला आहे. आणि मुलीच्या वाट्याचा शिधा दहावीच्या परीक्षेआधीच पोचायला हवा. रात्री तिच्याबरोबर जेवायला बसा.

प्रिय सिस्टर, मी २४ वर्षांची आहे. दोन वर्षं संडे स्कूल घेत होते. मुलांना गोष्टी सांगताना मी आवाज बदलते, हातवारे करते, मुलांना आवडतं. ईस्टरनंतर एका ज्येष्ठ भगिनीनं मला सर्वांसमोर म्हटलं, "हे काय तमाशासारखं? वचन आहे ते." त्या दिवसापासून मी गेलेच नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. म्हणजे माझी गरजच नव्हती ना?

अगं बाळ, तुझ्या पत्राचं उत्तर लिहायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले. कारण ही माझीच गोष्ट आहे.

१९८६ च्या जून महिन्यात, उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायरीवर एका मोठ्या माणसानं मला म्हटलं, "सिस्टर, तुम्ही सुया टोचा. वचन शिकवणं तुमचं काम नव्हे." मंडळी आजूबाजूला उभी होती. कोणी काही बोललं नाही. मी हातातली खडूची पेटी पायरीवर ठेवली, घरी गेले आणि चार वर्षं संडे स्कूलच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. उपासनेला जायचे, मागच्या बाकावर बसायचे, आशीर्वाद झाला की निघायचे. मनात म्हणायचे, मी क्षमा केली आहे, मी शांत आहे. ती शांतता नव्हती. मी खड्डा खणून त्यावर बसले होते.

त्या चार वर्षांत वर्ग कोणीच घेतला नाही. मुलं त्या तासाला चर्चमागच्या लिंबाखाली गोट्या खेळायची.

१९९० च्या पावसाळ्यात विषमज्वराची एक मुलगी वॉर्डात आली. बारा वर्षांची, आमच्याच मंडळीतली. तिसऱ्या रात्री ताप उतरायला लागला तेव्हा मी तिच्या कपाळावरची घडी बदलत होते. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "बाई, ते चौघं तंबूत शिरले, मग पुढं काय झालं?" मला आधी कळेना. वाटलं, तापात बरळते आहे. मग लक्षात आलं. शेवटच्या रविवारी मी त्यांना राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली, शोमरोनच्या वेशीबाहेरच्या चार कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगत होते. शहराला वेढा पडला आहे, आत लोक उपाशी आहेत. हे चौघं मरायचंच तर तिकडं मरू म्हणून शत्रूच्या छावणीत जातात, आणि बघतात तर तंबू रिकामे, चुलीपाशी अन्न तसंच. घंटा झाली म्हणून मी तिथं थांबले होते. "उरलेली पुढच्या रविवारी" असं सांगितलं होतं. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

स्टुलावर बसून मी तिला उरलेली गोष्ट सांगितली. ते चौघं पोटभर खातात. सोनं, चांदी, कपडे उचलतात आणि नेऊन लपवून ठेवतात. दुसऱ्या तंबूत शिरतात, तिथलंही लपवतात. मग एकमेकांना म्हणतात, आपण करतो हे बरं नव्हे, आजचा दिवस चांगल्या बातमीचा आहे आणि आपण गप्प बसलो आहोत. एवढं सांगताना माझाच आवाज फुटेना. ती मात्र ऐकता ऐकता झोपली.

पुढच्या रविवारी मी खडू घेऊन गेले. कोणी बोलावलं नव्हतं. ज्यांनी मला ते बोल सुनावले होते ते दारातच उभे होते. मी सलाम केला आणि आत गेले. पुढं २३ वर्षं वर्ग घेतला. माझ्याकडं १९८६ ची हजेरीची वही अजून आहे. तीत अकरा नावं आहेत. नव्यानं वर्ग सुरू झाला तेव्हा त्यातली बहुतेक मुलं त्या बाकांवर बसायच्या वयाची उरली नव्हती. शिधा 'योग्य वेळी' द्यायचा असतो हे मला त्या वहीनं शिकवलं. ती अकरा मुलं माझ्या हिशेबात बाकी आहेत. देव क्षमा करतो, मला केली आहे हेही मी जाणते. पण ती वही मी टाकलेली नाही.

तुझं दुखणं खोटं नाही. त्या भगिनींनी एकटीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, आणि मी असते तर त्यांना तसं म्हटलंही असतं. पण तुझी गरज होती की नाही हे त्या ठरवत नाहीत, बोलवायला न आलेली मंडळीही ठरवत नाही. जा आणि मुलांना विचार, शेवटची गोष्ट कुठं थांबली होती. येत्या रविवारीच जा. हातवारे कर. यहेज्केल संदेष्ट्यानं विटेवर यरुशलेम काढून तिच्याभोवती वेढा मांडून दाखवला होता, आणि तेही देवाच्याच सांगण्यावरून. चौथा अध्याय उघडून त्या भगिनींना प्रेमानं दाखवता आला तर दाखव. ते जमत नसेल तर नुसता सलाम कर आणि वर्गात जा.

सलाम. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, वय ६९. बावीस वर्षं मंडळीचा खजिनदार आहे. एका रुपयाची तफावत कधी आली नाही. आता कमिटी म्हणते, बी.कॉम. झालेल्या एका मुलाकडं हिशेब द्या, तो कॉम्प्युटरवर ठेवील. त्याला काय कळणार? आमच्या कापणीच्या सणाला एकच कोंबडी तीन-तीनदा लिलावात निघते. घेणारा पैसे देतो आणि कोंबडी पुन्हा मंडळीलाच देतो. कोणी उधारीवर बोली लावतं. हे सगळं माझ्या डोक्यात आहे. हिशेब हे माझं दान आहे, मरेपर्यंत सांभाळणं हेच विश्वासूपण नव्हे का?

दादा, बावीस वर्षं आणि एका रुपयाची तफावत नाही. मंडळीनं तुमचे आभार मानले की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. या सदरातून मी मानते.

पण गणनेच्या ८व्या अध्यायाच्या शेवटी लेव्यांचा, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाचा, नियम आहे तो वाचा. पंचविसाव्या वर्षी सेवेला लागायचं आणि पन्नासाव्या वर्षी सेवेचं काम थांबवायचं. त्याला घरी बसा म्हटलेलं नाही. दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या फिरत्या तंबूत, आपल्या भावांना मदत करावी, स्वतः ते काम करू नये, असं आहे. ज्यानं हा नियम घातला त्याला म्हातारी माणसं नकोशी झाली होती असं मला वाटत नाही. दर्शनमंडपातल्या पवित्र वस्तू खांद्यावर वाहून न्यायच्या होत्या, आणि खांदे थकतात हे त्याला माहीत होतं.

तान्ह्या बाळाला सलाईन लावायची तर शीर सापडत नाही. बाळ कोरडं पडलेलं असेल तर डोक्यावरची शीर शोधावी लागते, केसाएवढी. दवाखान्यात ती मला सापडायची. रात्री दोन वाजता घरी माणूस यायचा, सिस्टर, चला. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते. ५५व्या वर्षी उजव्या हाताला किंचित कंप सुरू झाला. कोणाला दिसत नव्हता, मला कळत होता. एका रात्री मी सुई नव्या स्टाफ नर्सच्या हातात दिली आणि तिच्या मागं उभी राहिले. तिचं बोट धरून बाळाच्या कानाच्या वर नेलं. "डोळ्यांनी शोधू नको, बोटाच्या टोकानं शोध. दाबू नको. इथं, लागलं?" पहिल्या खेपेला तिची सुई चुकली. माझा हात पुढं गेला होता, तो मी पदरात घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या खेपेला लागली. त्या रात्री मी घरी येऊन रडले, आणि ते रडणं दुःखाचंच होतं, हेही लिहून ठेवते. हातातलं काम देताना दुखतं. तुम्हालाही दुखेल.

तुमच्याकडं जे आहे ते त्या मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून तर ते त्याला द्यायला हवं. कोणती वही कोणत्या पेटीत आहे. अर्पणाची थैली मोजताना दुसरा माणूस समोर का लागतो. कोंबडी तीनदा विकली तर जमेला तीन नोंदी कशा पडतात. कोणाची उधारी आठवण करून दिली की येते आणि कोणाला आठवण करायची नसते, कारण त्याच्या घरात आजारपण आहे. हे त्याला कोणत्याही कॉलेजात मिळालेलं नाही. ते तुमच्याबरोबर मातीत गेलं तर पुढच्या खजिनदाराच्या वाट्याचा शिधा गेला.

कमिटीला सांगा, मी वर्षभर त्याच्या शेजारी बसतो. यंदाच्या कापणीच्या सणाला मांडवात टेबलापाशी दोन खुर्च्या मांडा. पेन त्याच्या हातात असू द्या. आणि लिलाव सुरू होण्याआधी, कोणाचं उसाचं बिल अजून आलेलं नाही, ते त्याच्या कानात सांगा.